गडावरचा साबुदाणा

पातेल्यावरचं झाकण काढलं आणि मी तिथेच थांबले. आत साबुदाणा भिजत होता. चांगला तीनेक किलो. आदल्या रात्रीच भिजवलेला असणार, दाणा न दाणा टपोरा फुगला होता.

"काका, हा कशाला?" मी विचारलं.

पेडणेकरकाका आमचे प्रॉपर्टीवाले. शूटिंगमध्ये प्रॉपर्टी म्हणजे घरदार नव्हे. भिंती आणि माणसं सोडून कॅमेऱ्यासमोर जे जे दिसतं, तलवारीपासून तांब्यापर्यंत, ते सगळं प्रॉपर्टी. काका वेंगुर्ल्याचे, आम्ही मालवणचे, त्यामुळे आमचं जमायचं.

"माका कित्या इचारतंस?" ते म्हणाले. "सायबांनी सांगल्यानी, मी भिजत घातलंय. राणीच्या सीनाक खिचडी होयी."

आमची राणी सतराव्या शतकातली होती.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. टीव्हीवर मालिका नव्यानेच सुरू झाल्या होत्या आणि जो तो मालिका काढत होता. आमची ऐतिहासिक होती. एका किल्लेदाराची बायको नवरा मेल्यावर गड लढवते, अशी गोष्ट. सगळे तिला राणीच म्हणायचे. गोष्ट लेखकाच्या मनातली होती, पण काळ खरा होता. आणि काळ सांभाळायला त्यांनी मला ठेवलं होतं.

माझ्या कामाला रिसर्च असिस्टंट म्हणत. इतिहासात एम. ए. करून मी मालाडच्या एका वाचनालयात अर्धा दिवस काम करत होते. दिग्दर्शक करमळकर सर तिथे पुस्तकं शोधायला यायचे. तिथूनच त्यांनी मला उचललं. काम सोपं वाटायचं. स्क्रिप्ट वाचायचं, आणि त्या काळात जे नव्हतं ते खोडायचं. माझ्याकडे एक वही होती. तिच्यात एका बाजूला 'आहे' आणि दुसऱ्या बाजूला 'नाही' अशी यादी. 'नाही'ची बाजू भराभर वाढायची. चहा नाही. काडेपेटी नाही. टोमॅटो नाही. बटाटा नाही, कारण बटाटा पोर्तुगीजांनी आणला, शब्दसुद्धा त्यांचाच, आणि डोंगरातल्या गडापर्यंत पोचायला त्याला बराच काळ लागला. 'चावी' हा शब्दही पोर्तुगीज, म्हणून राणीच्या तोंडी मी 'किल्ली' घातलं. शिपाई पत्ते खेळताना दाखवले होते, तिथे मी सावंतवाडीसारख्या गोल गंजिफा मागवल्या. चौकोनी पत्त्यांची सवय असलेल्या कलाकारांना त्या हातात धरता येईनात. अर्धा दिवस गेला.

युनिटमध्ये माझं नाव 'नाहीबाई' पडलं होतं. मला त्याचं वाईट वाटत नसे. काम तेच होतं.

मिरचीवर मात्र मी कधी भांडले नाही. तीही बाहेरचीच, पण आमच्या गोष्टीच्या काळापर्यंत कोकणात रुळली असणार. जिथे शंका तिथे मी गप्प बसायचे. साबुदाण्याबद्दल शंका नव्हती. तो ज्या कंदापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला, आणि आपल्याकडे त्याचा साबुदाणा व्हायला लागला तो फार उशिरा. आज आपण उपासाला जी खिचडी खातो तिच्यातला साबुदाणा परका, शेंगदाणा परका, बटाटा परका, मिरची परकी. आपलं असलं तर जिरं आणि तूप. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस ज्याला त्याला सांगत होते. आई म्हणाली होती, मग आता एकादशीला मी काय खाऊ, तुझी वही?

तर आमच्या सीनमध्ये गडाला वेढा पडलाय, एकादशी आहे, आणि राणी आपल्या ताटातला फराळ एका जखमी शिपायाला भरवते. मी स्क्रिप्टमध्ये लिहून दिलं होतं, वरीचा भात आणि दूध. वरी आपली जुनी, डोंगरउतारावर होणारी. मालाडच्या बाजारातून मीच आणून काकांच्या पेटीत ठेवली होती.

मी करमळकर सरांना गाठलं. मढला समुद्राच्या बाजूला एक दगडी बंगला शूटिंगसाठी भाड्याने घेतला होता. मागचं अंगण गडासारखं दिसायचं. सर तिथे कॅमेरामनबरोबर फ्रेम बघत होते.

"सर, फराळाला साबुदाणा कुणी घातला?"

सरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं.

"सुनंदा, एक सीन आहे. जाऊ दे."

"आपलं वरी ठरलं होतं."

"ठरलं होतं. आता बदललंय. नवीनभाईंशी बोल."

नवीनभाई आमचे निर्माते. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. माणूस वाईट नव्हता. युनिटमधल्या प्रत्येकाच्या घरचं विचारायचा. पण त्या दिवशी त्यांच्यासमोर एका साबुदाणा कंपनीची नमुन्याची रिकामी पाकिटं रचून ठेवली होती, आणि मला बोलायच्या आधीच सगळं कळलं. ही कंपनी आमची स्पॉन्सर. स्पॉन्सर म्हणजे जो मालिकेचा खर्च उचलतो आणि बदल्यात मध्ये आपली जाहिरात दाखवतो.

"सुनंदाबेन, बसा," ते म्हणाले. "तुम्ही काय बोलणार ते मला माहीत आहे."

"साबुदाणा तेव्हा नव्हता, नवीनभाई."

"उपासाला सगळे साबुदाणाच खातात ना? माझी आई खाते."

"तुमच्या आई खातात. त्यांच्या पणजीच्या पणजीने नावही ऐकलं नसेल."

ते हसले. मग समजावायला लागले. मागे खिचडीचं भरलेलं पातेलं, पुढे राणी साबुदाणा भरवणार, शिपायाच्या डोळ्यांत पाणी, कट, आणि लगेच पाकिटाची जाहिरात. कंपनीच्या साहेबांना ही कल्पना इतकी आवडली की ते पुढचे भागही घ्यायला तयार होते. "आणि नाही केलं तर ते जातील. ते गेले तर मालिका बंद. चाळीस माणसं घरी बसतील. तुम्ही पण. एका दाण्यासाठी?"

हे खरं होतं, आणि मला ते झोंबलं. माझे वडील गिरणीत होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही. ते आता गोरेगावच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन होते. चाळीस माणसं घरी बसणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पण आमच्या चाळीत टीव्ही तीनच घरी होते. आमच्याकडे मालिका लागली की वीस-पंचवीस माणसं जमायची. आई आणि तिच्या मैत्रिणी टीव्हीवर दिसलं की ते घडलंच असं धरून चालायच्या. या बायका साबुदाणा भरवणारी राणी बघणार, आणि तोच त्यांचा इतिहास होणार. आणि खाली नाव येणार, संशोधन : सुनंदा तोरसकर.

"मग टायटलमधून माझं नाव काढा," मी म्हणाले.

"काढतो. आज सांगतो."

मला वाटलं होतं ते विचारात पडतील. त्यांनी एका शब्दात प्रश्न मिटवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की नाव काढून माझी सुटका होईल, सीनची होणार नाही. चूक तशीच राहणार, फक्त माझ्या सहीशिवाय.

"नको, राहू दे नाव," मी म्हणाले. "पण मी साबुदाणा होऊ देणार नाही."

"तुम्ही काय करणार?"

मला तरी कुठे माहीत होतं. मी उठून आले.

स्वयंपाकघरात येऊन मी पायरीवर बसले. राग होता, आणि रागापेक्षा भीती जास्त. दहा वाजून गेले होते. सकाळी सातपासून आलेल्या माणसांना अजून नाश्ता मिळाला नव्हता. नाश्त्याची गाडी आक्साच्या पुढे पंक्चर होऊन उभी आहे असा निरोप आला होता. त्यातून त्या दिवशी संकष्टी. लाइटवाल्यांपैकी निम्म्यांचा उपास. एक लाइटवाला आत आला आणि काकांना विचारू लागला, "काका, काय आहे का खायला? उपासाचं?"

काका म्हणाले, "हा तो सीनाचो आसा."

मी पातेल्याकडे बघितलं. साबुदाणा भिजायला चार-पाच तास लागतात. सीन दुपारी तीनचा, उन्हात, अंगणात. बंगला संध्याकाळी सहाला रिकामा करून द्यायचा होता. आणि शैलाबाईंची, म्हणजे आमच्या राणीची, आमच्याकडची ही शेवटची तारीख होती. उद्यापासून त्या दुसऱ्या पिक्चरला जाणार होत्या. समजा आत्ताचा साबुदाणा संपला. कुणी गावातून नवा आणला, भिजवला, तरी तो तयार होईपर्यंत उन्हं गेलेली असणार.

हे सगळं मी पायरीवर बसूनच मोजलं. फार वेळ लागला नाही.

"काका, स्टोव्ह पेटवा," मी म्हणाले.

"कित्याक?"

"युनिटला खिचडी करायची. सगळ्यांना."

काका माझ्याकडे बघत राहिले. "सुनंदा, माझी नोकरी जायत."

"तुमची नाही जाणार. कुणी विचारलं तर मी सांगितलं म्हणायचं. आणि मी पण तेच सांगणार."

"तुझी जायत मगे."

"बघू."

काकांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मग स्टोव्हला पंप मारायला लागले. शेंगदाण्याचं कूट होतंच, सीनसाठी तयार ठेवलेलं. मी स्वतः जिरं घातलं, मिरच्या घातल्या. खिचडी झकास झाली होती, हे मला मान्य करावंच लागेल. लाइटवाले, मेकअपवाले, घोड्याबरोबर आलेला माणूस, सगळ्यांनी खाल्ली. काहींनी दोनदा घेतली. शैलाबाईंनी मेकअप रूममध्ये बशी मागवली. करमळकर सरांनाही कुणीतरी नेऊन दिली. त्यांनी कॅमेऱ्याशेजारी उभ्या उभ्या खाल्ली आणि विचारलंही नाही कुठून आली. साडेअकराला पातेलं घासून पालथं घातलेलं होतं.

सव्वा वाजता नवीनभाई स्वयंपाकघरात आले. जाहिरातीत कंपनीचं पाकीट ताटाशेजारी कसं दिसेल ते त्यांना बघायचं होतं.

"साबुदाणा कुठे?"

काका काही बोलायच्या आत मी पुढे झाले. "मी युनिटला दिला. लोक उपाशी होते. काकांचा यात काही संबंध नाही."

"सगळा?"

"सगळा."

त्यांना एवढं समजायला थोडा वेळ लागला. मग ते ओरडले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही मुद्दाम केलं."

"हो."

मी भूक, नाश्ता, पंक्चर यांच्या मागे लपू शकले असते. पण तसं केलं असतं तर ती चोरी झाली असती. मला भांडण करायचं होतं.

करमळकर सर आले. नवीनभाईंनी गावात माणूस पिटाळला. तो पाकिटं घेऊन येईपर्यंत दोन वाजले. सर पातेल्यात पाणी ओतताना बघत होते. मग त्यांनी घड्याळ बघितलं.

"गरम पाण्यात भिजवला तर?" नवीनभाईंनी विचारलं.

"लगदा होईल," शैलाबाई दारातून म्हणाल्या. त्या राणीच्या वेषात होत्या, नाकात नथ, आणि पायात रबरी चपला. "आणि लगदा मी कॅमेऱ्यासमोर खाणार नाही. मला पाचला निघायचंय."

सरांनी माझ्याकडे न बघता काकांना विचारलं, "ती वरी आहे का अजून?"

"आसा," काका म्हणाले. आवाजात इतकं समाधान होतं की मला भीती वाटली, त्यांचं पितळ आता उघडं पडणार.

वरी अर्ध्या तासात शिजते. तीनला नाही, पण साडेतीनला शॉट लागला. शैलाबाईंनी शिपायाला घास भरवला. त्या सीनमध्ये त्या फार चांगल्या होत्या. मी कॅमेऱ्यामागे उभी राहून त्या ताटाकडे बघत होते. पांढरा भात, दुधाची वाटी, केळीचं पान. एकही परका दाणा नाही. दुसऱ्याच टेकला सर 'ओके' म्हणाले. ओके म्हणजे शॉट पसंत, पुढे चला.

पॅकअप झाल्यावर नवीनभाईंनी मला बोलावलं.

"उद्यापासून येऊ नका, सुनंदाबेन."

"ठीक आहे."

"माफी मागितली असती तर ठेवलं असतं."

"चूक केली असती तर मागितली असती."

त्यांनी मान हलवली. मी माझी वही आणि डबा घेऊन मालाडच्या बसमध्ये बसले. घरी काय सांगायचं तेवढंच डोक्यात होतं. वडिलांना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "दुसऱ्याक कोणाक काढल्यानी नाय मा?" नाही म्हटल्यावर ते जेवायला बसले.

मालिका बंद पडली नाही. कंपनीचे साहेब चिडले, जाहिरात त्या सीननंतर न लागता दुसरीकडे लागली, पण त्यांनी हात काढून घेतला नाही. चाळीस माणसं घरी बसली नाहीत, एकटी मी बसले.

महिन्या-दीड महिन्याने तो भाग लागला. टायटल आधीच तयार झालेली असल्यामुळे माझं नाव त्यात राहिलं होतं. आमच्या घरी पंचवीस माणसं बसली होती. राणीने घास भरवला तेव्हा आईच्या मैत्रिणींनी डोळे पुसले. एकीने विचारलं, "वरी काय गो ती?" मला बरं वाटलं. एका वर्तमानपत्रानेही छापलं की बारीकसारीक तपशिलांत इतकी अचूक मालिका आजवर झाली नाही. ते कात्रण मी वहीत चिकटवलं.

मग पेडणेकरकाका एक दिवस घरी आले. हातात एक पोस्टकार्ड होतं. ऑफिसच्या पत्त्यावर माझ्या नावाने आलेलं. घाटकोपरहून कुणी जाधव म्हणून गृहस्थांनी लिहिलं होतं. ते एका सरकारी बागेतून माळी म्हणून निवृत्त झाले होते. अक्षर बारीक आणि सरळ. आधी कौतुक होतं. वरी बघून आनंद झाला, लहानपणी आमच्या गावी तीच खात होतो, असं. आणि पुढे :

'परंतु राणीसाहेबांच्या मागे अंगणात गुलमोहर फुललेला दिसला. गुलमोहर हे झाड आपले नव्हे. मूळ मादागास्कर बेटावरचे. इंग्रजांच्या अमदानीत इकडे आले. आपल्या गोष्टीच्या काळी ते गडावर असणे शक्य नाही. कळावे.'

मी पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला सबब सुचली. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, त्यात तांबडा रंग दिसलाच नव्हता. मग पत्राच्या कडेला, जागा संपल्यामुळे आडवं लिहिलेलं वाक्य दिसलं. 'आमच्याकडेही रंगीत टीव्ही नाही, पण पानावरून ओळख पटते.'

शूटिंगच्या दिवशी तर रंगच रंग होता. मे महिना. ते झाड अंगणात माझ्यासमोर लालभडक उभं होतं, आणि मी ताटातले दाणे तपासत होते.

दुसऱ्या दिवशी चाळीखालच्या दुकानातून मी करमळकर सरांना फोन लावला. त्यांना पत्र आधीच माहीत होतं.

"उत्तर देऊ नकोस," ते म्हणाले. "एका माणसाला दिसलं. बाकी कुणाला कळलेलं नाही."

"साबुदाण्याचंही कुणाला कळलं नसतं, सर."

"सुनंदा, पेपरात आपलं कौतुक आलंय. आपल्या हाताने कशाला वाट लावतेस? मी दिग्दर्शक म्हणून सांगतोय."

"मी आता तुमच्या युनिटमध्ये नाही, सर."

मी जाधवांना पत्र लिहिलं. आपलं म्हणणं बरोबर आहे, दोष माझा. मग तेवढंच त्या वर्तमानपत्राच्या संपादकांनाही लिहिलं. मालिकेच्या अचूकपणाचं तुम्ही कौतुक केलंत, पण अमुक भागात गुलमोहर आहे, तो त्या काळात नव्हता, हे घाटकोपरच्या श्री. जाधवांनी दाखवून दिलं. संशोधन माझं होतं म्हणून कळवते. खाली पूर्ण नाव. त्यांनी ते छापलं.

नवीनभाईंचा दुकानात फोन आला. "तुम्ही कोणाच्या बाजूच्या आहात हो?" त्यांनी विचारलं. रागापेक्षा त्यांना खरंच समजत नव्हतं. मी म्हणाले, "झाडाच्या." त्यांनी फोन ठेवला. पुढे आम्ही कधी एकत्र काम केलं नाही.

काम मात्र मिळालं. पेपरातलं ते पत्र वाचून एका दिग्दर्शिकेने मला अंधेरीच्या ऑफिसात बोलावलं. ती म्हणाली, स्वतःची चूक छापून आणणारी बाई मला हवी आहे, कारण माझ्या चुका मग तू काय सोडणार. तिच्याकडे मी सात वर्षं होते. त्यानंतरही निवृत्त होईपर्यंत मी हेच केलं.

शिकले म्हणाल तर एवढंच. एका चुकीशी भांडताना माणसाची नजर तिच्यावरच खिळून राहते, आणि दुसरी चूक मागे फुलून उभी असते. पण म्हणून मी भांडायचं थांबवलं नाही. लोकेशनवर गेले की सगळ्यात आधी मान वर करून झाडं बघायला लागले. वड, पिंपळ, आंबा चालतो. गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ दिसली की कॅमेरा सरकवायला सांगायचं. कॅमेरामन कुरकुरायचे. ऊन चांगलं आहे, फ्रेम छान आहे, कुणाच्या लक्षात येणार आहे, असं म्हणायचे. मी कॅमेरा सरकेपर्यंत तिथून हलत नसे.